हवामान-संशोधक होण्याविषयी: एका विद्यार्थिनीच्या चार प्रश्नांना उत्तर

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने चार प्रश्न विचारले आहेत. हवामान बदलावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ रोज नेमके काय काम करतो, त्यासाठी काय शिकावे लागते, आणि त्यात पोटापाण्याची शाश्वती किती, हे तिचे तीन प्रश्न. चौथा तिच्या वडिलांचा आहे: एवढे शिकून ‘आमच्या रानात पाऊस कधी पडणार’ हे ती सांगू शकेल का? मी पुण्यात राहून तीस वर्षे मान्सूनवर संशोधन केले आणि त्यातली वीस वर्षे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले, त्या अनुभवाच्या आधारे हे लिहितो आहे. वडिलांचा प्रश्न मी शेवटी घेणार आहे, कारण त्याचे खरे उत्तर देण्यासाठी आधीची तिन्ही उत्तरे लागतात.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आज दुपारी वळीव येईल का, हेही मराठीत हवामानच आणि तीस वर्षांत एखाद्या प्रदेशाचा सरासरी पाऊस किती बदलला, हेही हवामानच. पहिल्या कामाला अंदाजकर्ता लागतो आणि त्याला काही तासांत निर्णय द्यावा लागतो. दुसऱ्या कामाला संशोधक लागतो आणि त्याचा एखादा निष्कर्ष पक्का व्हायला तीन-चार वर्षे लागतात. दोघांचे भौतिकशास्त्र एकच आहे, परंतु स्वभाव वेगळे लागतात. तुम्हाला दर संध्याकाळी आपले उत्तर बरोबर आले की चुकले हे कळायला हवे असेल, तर अंदाजाच्या कामाकडे वळा. तेही मोलाचे काम आहे आणि त्याला माणसे कमी पडतात.

संशोधकाचा दिवस बहुतांशी संगणकासमोर जातो, आणि त्यातला मोठा भाग नोंदी तपासण्यात जातो. हे ऐकून अनेक विद्यार्थी निराश होतात, म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला सुमारे 74 मिलिमीटर. त्या घटनेवर काम करण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि उपग्रहावरून काढलेला पाऊस यांची तुलना केली, तेव्हा दोन्हींचा मेळ कुठेच बसेना. तीन आठवडे तो उपग्रहाच्या गणितात दोष शोधत राहिला. मी त्याला शेजारी बसवून दोन्ही फायलींमधल्या तारखा वाचायला लावल्या. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि आदल्या 24 तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या नावावर लिहितात, त्यामुळे 26 जुलैच्या दुपारी कोसळलेला पाऊस नोंदीत 27 जुलैला सापडतो. उपग्रहाच्या फाइलीतला दिवस मात्र ग्रिनिचच्या मध्यरात्रीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. एका फाइलीची तारीख एक दिवसाने सरकवली आणि तीन आठवड्यांची कोंडी दहा मिनिटांत सुटली. या विद्यार्थ्याची बुद्धी तल्लख होती. त्याला कमी पडला होता तो फक्त नोंद कशी जन्माला येते याविषयीचा जिज्ञासूपणा, आणि माझ्या मते या व्यवसायात तोच गुण सर्वांत आधी लागतो.

अशी जिज्ञासा तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या रजिस्टरातही न्यावी लागते. मी एकदा एका ठिकाणच्या पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी पाहत होतो, तेव्हा लक्षात आले की काही वर्षांत रविवारी जवळजवळ नेहमी शून्य आहे आणि सोमवारी पाऊस नेहमीपेक्षा जास्त आहे. आकाशाला आठवड्याचे वार कळत नाहीत. त्या वर्षांत रविवारी मोजणीच होत नव्हती आणि दोन दिवसांचे पाणी सोमवारी एकदम मोजले जात होते. महिन्याच्या बेरजेत यामुळे फारसा फरक पडत नाही. पण एका दिवसात किती मोठा पाऊस पडला, हा तुमचा प्रश्न असेल तर ती नोंद तुम्हाला सरळ खोट्या निष्कर्षावर नेईल. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक, यंत्राची बदललेली जागा, शेजारी वाढलेले झाड, ‘पावसाळी दिवस’ म्हणजे किमान अडीच मिलिमीटर ही विचित्र वाटणारी मर्यादा जुन्या इंचांच्या मापातल्या दहा सेंटांवरून (सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग) आली आहे ही गोष्ट, हे सारे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. तरीही त्यावर शोधनिबंध उभा राहतो किंवा कोसळतो.

अशा तपासलेल्या नोंदींतून काय हाती लागते, तेही सांगायला हवे. 2006 मध्ये पुणे आणि बंगळूर येथील संशोधकांनी मध्य भारतातील दैनिक पावसाच्या अर्ध्या शतकाच्या नोंदी तपासून दाखवले की सरासरीत फारसा बदल दिसत नसला तरी अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत आणि मध्यम पावसाच्या घटल्या आहेत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतावरील विस्तृत प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी जोडला गेला. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले आहे, तर 1951 ते 2015 या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला आहे. एकूण पाऊस घटतो आणि अतिवृष्टी वाढते, हे एकाच वेळी कसे घडते? तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, दर अंशाला साधारण 7 टक्के, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोरात पडतो. पण समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक कमी झाला आणि हवेतील सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला, तर मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरतो. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर आजही गंभीर मतभेद आहेत. तुमची पिढी ज्यावर काम करील तो प्रश्न हाच आहे.

कारणांचे वाटे वेगळे करण्यासाठी आपल्याकडे दुसरी पृथ्वी नाही, म्हणून संगणकात वातावरण, समुद्र, जमीन आणि बर्फ यांचे मॉडेल उभे करावे लागते. या मार्गाचा पाया घालणाऱ्या स्युकुरो मानाबे यांना क्लाउस हासेलमान यांच्यासह 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉडेलमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात गतीची, उष्णतेची व बाष्पाची समीकरणे सोडवतात. जगभरातील दीर्घकालीन मॉडेलांतला एक चौकोन साधारण शंभर किलोमीटर रुंद असतो. आता महाबळेश्वर आठवा. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला येईपर्यंत, म्हणजे सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरमध्ये, तो कितीतरी पटींनी कमी होतो. मॉडेलच्या एकाच चौकोनात कोकण, घाटमाथा आणि माणदेशाच्या दिशेने सुरू होणारा पर्जन्यछायेचा पट्टा हे सगळे बसते. पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत 2024 मध्ये बसवलेला ‘अर्क’ हा महासंगणक आणि 2025 पासून वापरात आलेली सहा किलोमीटरच्या चौकोनांची भारतीय अंदाजप्रणाली यांमुळे चौकोनांची ही जाळी पुष्कळ बारीक झाली आहे. मात्र ती प्रणाली काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. शंभर वर्षांचे गणित इतक्या बारीक चौकोनांत करणे आजही फार महाग पडते, आणि एकेकटा ढग बहुधा सहा किलोमीटरच्या चौकोनापेक्षाही लहान असतो, त्यामुळे मॉडेलला तो वेगळा दिसत नाही. ढगाच्या आत काय चालते ते सूत्रांनी अंदाजावे लागते. ती सूत्रे सुधारण्यासाठीच याच संस्थेने महाबळेश्वरला 2012 पासून उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा चालवली आहे, जिथे पावसाळ्यात ढग थेट उपकरणांवरून वाहत जातात. सोलापूर परिसरातील ढगबीजनाचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा, प्रयोग करताना काही ढगांत बीजारोपण केले आणि तसेच दिसणारे काही ढग मुद्दाम तसेच सोडले, तेही तुलनेला खरा आधार मिळावा म्हणूनच.

या व्यवसायात अपयशाशी कसे वागावे, हे मी गिल्बर्ट वॉकर यांच्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. 1904 मध्ये केंब्रिजचा हा गणिती भारताच्या वेधशाळांचा प्रमुख झाला. 1899-1900 चा भीषण दुष्काळ ताजा होता आणि मान्सूनचा आगाऊ अंदाज देता येईल असे सूत्र त्यांच्याकडून हवे होते. 1924 पर्यंत त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे गोळा करून त्यांचे परस्परसंबंध काढले. हवे होते तसे खात्रीचे सूत्र त्यांना मिळाले नाही, परंतु हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यावरील हवेचा दाब आलटून पालटून वरखाली होतो, हे त्यांना दिसले. दक्षिणी आंदोलन या नावाने ओळखली जाणारी ही घटना पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी एल निनोशी, म्हणजे काही वर्षांनी प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापते आणि भारतात बहुधा पाऊस कमी पडतो त्या घटनेशी, जोडली आणि आज जगातील कोणताही हंगामी अंदाज तिच्यावाचून होत नाही. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात, तिथे 1928 मध्ये हवामान खाते शिमल्याहून आले आणि वॉकरांच्या पद्धतीचा वारसाही तिथेच आला. तो वारसा पुढच्या काळात कसोटीलाही लागला. 1997 मध्ये शतकातील अत्यंत तीव्र एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. 2002 मध्ये अंदाज सामान्य पावसाचा असताना जुलैचा सुमारे निम्मा पाऊस आलाच नाही आणि हंगाम 19 टक्के तुटीत संपला. त्या वर्षी आम्ही जे काही लिहिले-बोललो, त्यातले पुष्कळ मागे घ्यावे लागले. सोळा घटकांवर आधारलेले तेव्हाचे अंदाजाचे सूत्र नंतर बदलण्यात आले. आपले म्हणणे चुकले, कुठे चुकले आणि किती चुकले हे लेखी मांडता येणे हा या कामाचाच भाग आहे. ज्याला ते अपमानासारखे वाटते, त्याने या क्षेत्रात येऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती मिळणे आता अवघड नाही. भौतिकशास्त्र हा तुमचा पाया उत्तम आहे. गणित, अभियांत्रिकी किंवा समुद्रविज्ञानातूनही लोक येतात. एम.एस्सी. वातावरणविज्ञान पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात किंवा कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात करता येते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे वळलेले विद्यार्थीही कुठे कमी पडत नाहीत. त्यानंतर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान हा विषय घेऊन किंवा भौतिकशास्त्रातूनच पाठ्यवृत्ती मिळवावी आणि पीएच.डी.ला लागावे. पाषाणची संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली व मुंबईच्या आय.आय.टी. आणि पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था ही त्यासाठी चांगली ठिकाणे आहेत. समुद्राची ओढ असेल तर गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, जिथून अंटार्क्टिकातील मैत्री व भारती या केंद्रांवर माणसे जातात. द्रवगतिकी, आंशिक विकलक समीकरणे आणि संख्याशास्त्र हे तीन विषय परीक्षेपुरते करू नका. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आतापासून हाताखालून घाला, आणि फोर्ट्रानला जुनी भाषा म्हणून नाक मुरडू नका, कारण मोठ्या मॉडेलांचा गाभा अजून तिच्यातच लिहिलेला आहे.

पैशाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. केंद्र सरकारची कनिष्ठ पाठ्यवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये आहे, घरभाडे वेगळे. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे लागतात. त्यानंतर दोन-चार वर्षे देशात किंवा परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन, करावे लागते, म्हणजे कायम नोकरीच्या दारात तुम्ही पोहोचाल तेव्हा वयाची तिशी उलटलेली असेल. कायम शास्त्रज्ञपदाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 56,100 किंवा 67,700 रुपयांपासून सुरू होते आणि पुढचे आयुष्य सुस्थितीत जाते. परंतु अशा जागा थोड्या निघतात आणि मधल्या काळात अनेकांना प्रकल्पावरच्या करारावर वर्षे काढावी लागतात. एका संस्थेत माझ्या ओळखीच्या विद्यार्थिनीची पाठ्यवृत्ती कागदपत्रांच्या फेऱ्यात सात महिने अडकली होती. त्या काळात ती शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे भरत होती आणि रात्री गणिते चालवत होती. तिने पीएच.डी. पूर्ण केली, पण त्या सात महिन्यांची झळ तिला पुढे पुष्कळ दिवस जाणवली. घरची परिस्थिती बेताची असेल तर निदान सहा महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवून या वाटेला लागा, हे मी काळजीपोटी सांगतो. संशोधन संस्थांबाहेरही आता वाव आहे. पवन आणि सौर ऊर्जेचे वेळापत्रक आपल्याकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या गटांत द्यावे लागते, त्यासाठी वारा आणि ढगांचा अंदाज करणारी माणसे लागतात. पीकविम्यात आणि खासगी हवामानसेवेतही लागतात. या नोकऱ्यांना कमी लेखण्याचे काहीही कारण नाही.

परदेशी जावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे विचाराल. हॅम्बर्ग, रेडिंग, बोल्डर किंवा योकोहामा येथील हवामान-संशोधन केंद्रांत दोन-तीन वर्षे काढल्याने दृष्टी विस्तारते, हे खरे आहे. तरीही पीएच.डी. कुठे करावी यापेक्षा कोणाकडे करावी, हा प्रश्न मोठा आहे. मार्गदर्शक निवडण्यापूर्वी त्याच्याकडून बाहेर पडलेल्या तीन-चार विद्यार्थ्यांना भेटा, ते आज काय करतात ते पाहा, आणि शोधनिबंधात विद्यार्थ्याचे नाव पहिले असते का हे तपासा. मुलींनी क्षेत्रकार्याला घाबरू नये. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे देशात बनवण्याचे काम उभे करणाऱ्या अण्णा मणी या काळाच्या कितीतरी आधी तिथे पाय रोवून उभ्या होत्या. तरीही एखाद्या ठिकाणी वागणूक नीट नसेल तर तिथून लवकर बाहेर पडणे हाच शहाणपणा आहे. विषय दुसरीकडेही मिळतो.

आता वडिलांचा प्रश्न. ‘आमच्या रानात पाऊस कधी पडणार’ हे महिनाभर आधी सांगणे आज कोणालाही शक्य नाही. वातावरणाच्या आजच्या स्थितीच्या मोजमापातली बारीकशी चूकसुद्धा साधारण दोन आठवड्यांत इतकी वाढते की ठरावीक दिवसाच्या अंदाजात अर्थ उरत नाही. तुम्ही कितीही शिकलात तरी ही मर्यादा तुमच्या बुद्धीची नसून हवेच्या स्वभावाची असेल. मात्र मान्सूनमध्ये काही हालचाली संथ असतात. विषुववृत्तावरून उत्तरेकडे सरकत येणारे ढगांचे पट्टे उपग्रहाच्या चित्रांवरून डी. आर. सिक्का आणि पुण्यातच जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी 1980 मध्ये दाखवून दिले. त्या संथ हालचालींमुळे एखाद्या विभागावर पुढचे दोन-तीन आठवडे पाऊस नेहमीपेक्षा जास्त राहील की उघडीप पडेल, एवढे काही प्रमाणात सांगता येते. हवामान खाते असा विस्तारित अंदाज दर गुरुवारी देते आणि जिल्ह्यासाठीचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. जूनच्या पहिल्या पावसावर पेरून मग खंड पडल्याने दुबार पेरणी करावी लागते, ती टाळायला हा अंदाज दर वर्षी नसला तरी काही वर्षी नक्की उपयोगी पडतो. त्याचा उपयोग कसा वाढवायचा, याचाही मार्ग गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातील अनंतपूर भागात घालून दिला आहे. त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांबरोबर बसून, पावसाच्या दीर्घ नोंदी आणि पिकाच्या वाढीचे मॉडेल एकत्र करून, कोरडवाहू भुईमुगाच्या पेरणीचा कोणता काळ कमी जोखमीचा आहे, हे शोधले. म्हणजे उद्याच्या पावसाचे भाकीत न करताही गेल्या ऐंशी-शंभर वर्षांचा पाऊस शेतकऱ्याच्या निर्णयाला उपयोगी पडू शकतो.

म्हणून वडिलांना सांगा की तारीख सांगता येणार नाही, पण कोणत्या काळात पेरले तर धोका किती, हे पुढे तुम्ही मोजून सांगू शकाल. त्यांना आणि शेजारच्या दहा-बारा शेतकऱ्यांना गेल्या काही वर्षांत पेरणी कधी केली आणि दुबार कधी करावी लागली, हे विचारून एका वहीत लिहून काढा. आठवण पक्की आहे की अंदाजे, तेही समोर नोंदवा. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या दैनिक नोंदी मिळवा, सोमवारचे आकडे आधी तपासा, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर प्रकल्प कशावर करायचा, असे जेव्हा तुम्हाला विचारतील, तेव्हा ती वही पुढे ठेवा.